न गंजणारा गळ

कर्वेनगरच्या त्या मंगल कार्यालयात गुरुवारी चपला काढायलाही जागा नव्हती. व्यासपीठावर क्षारानंद महाराज, समोर मिठाच्या पाण्याचे दोन ग्लास आणि त्यांत मासे धरायचे माझेच दोन गळ. आठ दिवसांपूर्वी महाराजांनी सभेत विचारलं होतं, "समुद्रावर गळ टाकणारा कोणी आहे का?" मी गाढवासारखा हात वर करून दोन गळ देऊन बसलो होतो. थोरली बहीण उल्काताई हट्टानं घेऊन आली नसती तर मी त्या दारात पाऊल ठेवलं नसतं.

एका ग्लासातला गळ गंजून तपकिरी झाला होता. दुसऱ्याला महाराजांनी मंत्र पुटपुटत एक राखाडी ताईत तारेनं बांधला होता. तो गळ दुकानातून आत्ता आणावा तसा चकचकीत.

"दिगंबरपंत, गळ आपलाच ना?"

"माझाच."

"या ताईतवाल्यावर गंज दिसतो?"

"नाही."

चारशे माणसांनी टाळ्या वाजवल्या, निम्म्यांनी मोबाइलवर मला टिपलं.

"खाऱ्या पाण्यात लोखंड टिकतं, मग देह का टिकू नये?" महाराज माइकवर गरजले. "साखर हा देहाचा गंज. गळाला ताईत बांधा, ग्लास उशाशी ठेवा. गळ चमकतोय तोवर सुया बंद. ताईत झिजला तर आनंद माना, तो तुमचा आजार खातोय." विज्ञानाला यातलं ओ की ठो कळत नाही, असंही म्हणाले. माइक बहुधा मंत्रावर चालत असावा.

उल्काताईनं त्याच दिवशी इन्शुलिन बंद केलं. तीन आठवड्यांत तिच्या उजव्या पायाच्या अंगठ्याची साधी जखम काळी पडली. तिच्या नेहमीच्या डॉक्टर चैताली घरी येऊन बघून गेल्या आणि जिन्यात मला म्हणाल्या, "अहो, त्यांना दवाखान्यात आणा. उशीर झाला तर पाऊल कापावं लागेल."

मी ताईसमोर बसलो. "ताई, हे थोतांड आहे."

"मग गळ का गंजत नाही?"

"ते मला माहीत नाही, पण..."

"माहीत नाही ना? मग गप्प बस. तूच बोललास ना चारशे माणसांत?" तिनं मोबाइल पुढे केला. पडद्यावर मी, माझाच आवाज: 'माझाच. नाही.' शेजारीपाजारी आले की ती हेच दाखवायची. मी खोटं बोललो असतो तर कबूल करून सुटलो असतो. पण मी खरं बोललो होतो, आणि त्या खऱ्यात माझी बहीण अडकली होती. मला भयंकर भीती वाटत होती.

शनिवारी पहाटे मी कोकणातलं हर्णै बंदर गाठलं. गळ टाकायचं मनात नव्हतं. खाऱ्या पाण्यात आणि लोखंडात जन्म काढलेल्या कोणाला तरी विचारायचं होतं. दुरुस्तीला वाळूवर ओढलेल्या होडीखाली महिपती मिस्त्री काम करत होते. सुकाणूच्या लोखंडाला एक राखाडी ठोकळा जोडलेला, उंदरानं कुरतडल्यासारखा.

"हे काय हो?"

"जस्त. मुद्दाम लावतो. खारं पाणी आधी जस्ताला खातं, तोवर लोखंड वाचतं. पण जस्त लोखंडाला चिकटलेलं हवं. संपलं की नवा तुकडा."

मी तिथंच वाळूत बसलो. अकरा वर्षं त्या किनाऱ्यावर मासे धरतोय, आणि कधी खाली वाकून बघितलं नव्हतं.

संध्याकाळी ताईच्या ओट्यावर तीन ग्लास मांडले, तिच्याच हातून मीठ घालून. पहिल्यात नुसता गळ. दुसऱ्यात गळाला बांधलेला जस्ताचा तुकडा, टॉर्चच्या जुन्या सेलचं कवच कापून काढलेला. बांधताना मी मंत्र म्हणून स्वारगेटपासूनचे बसचे थांबे म्हटले. तिसऱ्यात महाराजांचा ताईत, पण गळाला न चिकटवता, बोटभर लांब.

"मंत्र ताईतात असेल तर तिसरा गळही वाचेल. ताईत नुसतं जस्त असेल, तर गळाला चिकटल्याशिवाय वाचवणार नाही," मी म्हणालो. "आता दवाखान्यात चल."

"आधी बघते." हात जोडले तरी ती हलेना. दोन दिवस मी तिच्याकडेच मुक्काम ठोकला. जखमेचा वास स्वयंपाकघरापर्यंत येत होता.

सोमवारी सकाळी ती भिंत धरत ओट्यापाशी आली. पहिला गळ गंजलेला. तिसरा, महाराजांच्या ताईताशेजारचा, तोही गंजलेला. बसच्या थांब्यांचा गळ लखलखीत.

तिनं तिसरा ग्लास उचलून उजेडात धरला. "म्हणजे ताईत जस्ताचा. तो गळासाठी झिजत होता." मग हळूच म्हणाली, "आणि माझ्या साखरेकडे कोण बघत होतं रे?"

मी रिक्षा बोलावली. अंगठा गेला, पाऊल वाचलं.

पुढच्या गुरुवारी मी तीन ग्लास घेऊन कार्यालयात गेलो. सेवेकऱ्यांनी माइक दिला नाही, म्हणून पायऱ्यांवर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत राहिलो. काहींनी मला वेड्यात काढलं. सात जणांनी ताईत तिथल्या तिथे सोडवला आणि त्यातल्या दोघांनी डॉक्टरांचा पत्ता विचारला.

समुद्रावरून आलात की गळ गोड्या पाण्यात धुवा, कोरडे पुसा, तेलाचं बोट फिरवा. लोखंडाला तेवढं पुरतं. माणसाची साखर रक्त तपासून कळते, ग्लासात बघून नाही. चमत्कार दिसला तर टाळी वाजवण्याआधी, तो मंत्राशिवाय होतो का, एवढं घरी करून बघा. आणि तोपर्यंत कोणाच्याही सांगण्यावरून औषध थांबवू नका.