अकरा रविवार, एकच प्रवचन

मित्रांनो, मला पाहून पुष्कळांना ही औषधाची बाटली वाटते. मी एक जुने वाळूचे घड्याळ आहे. तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी स्कॉटलंडमधल्या ड्रमलॉ गावच्या चर्चमध्ये, व्यासपीठाच्या लोखंडी कडीत मी एकतीस वर्षे बसलो. पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, प्रवचन सुरू करताना मला उलटायचे आणि माझी वाळू संपली की थांबायचे. एवढेच माझे काम.

पाळक आर्चिबाल्ड फॉर्साइथ सगळे पाठ बोलत. कागद पाहून बोलणाऱ्या पाळकाची तिकडे थट्टाच होई. गावाचा त्यांच्यावर फार जीव होता. पुढे म्हातारपणी त्यांची आठवण दगा देऊ लागली. एका रविवारी ते बायबलातल्या हरवलेल्या मेंढराच्या गोष्टीवर बोलले. पुढच्या रविवारीही तेच, शब्दाला शब्द.

"हे तर मागच्या खेपेचंच," विणकर निनियन कुजबुजला.

"मग पुन्हा ऐक. एकदा ऐकून तू कुठे सुधारलास?" पाणचक्कीवाला मंगो म्हणाला. "पाळकपण गेलं तर म्हातारा-म्हातारी जाणार कुठे? राहतं घरसुद्धा चर्चचंच."

दोघेही चर्चचे पंच होते. सगळ्या गावाने तोंडाला कुलूप लावले. असे अकरा रविवार गेले. मला वाईट वाटले का? नाही. वाळू पडत राहिली.

मग तपासणी आली. आसपासचे पाळक चर्चमध्ये जमत, आमच्या पाळकांना बाहेर पाठवून पंचांना शपथेवर त्यांच्याविषयी विचारत. नंतर पंच बाहेर, पाळक आत.

"प्रवचनाबद्दल काही तक्रार?"

"छे. दर रविवारी नवं काहीतरी मिळतं," मंगो म्हणाला. बाकीचे पंच जमिनीकडे पाहत राहिले.

मग फॉर्साइथ आत आले. पंच कसे आहेत, असे त्यांना विचारले.

"सरळ माणसं. खोटं बोलायची नाहीत. माझं सांगितलंच असेल त्यांनी."

"काय?"

"गेले कित्येक रविवार मी तेच बोलतोय. पुढचं वाक्य माझ्याआधी पोरांच्या ओठांवर येतं. आधी वाटलं, किती मन लावून ऐकतात."

वहीत लिहून घेतले गेले, आणि त्यांचे पाळकपण गेले. वसंतात घर रिकामे झाले. नव्या पाळकांकडे खिशातले घड्याळ होते, म्हणून मला फॉर्साइथांच्या म्हाताऱ्या पत्नीने मांडीवर घेतले. गाडी मंगोच हाकत होता.

"कशाला सांगितलंत, साहेब? आम्ही निभावून नेलं असतं."

"मंगो, तुम्ही मला का नाही सांगितलंत?"

मंगो घोड्याच्या कानांकडे पाहत राहिला.

मित्रांनो, माझी काच पुसली नाहीत तरी चालेल. पण आपले माणूस विसरू लागले तर त्याला सांभाळा, आणि त्याला तसे सांगाही. मी अकराही वेळा त्यांच्या हाताशी होतो. मला बोलता येत नव्हते. तुम्हाला येते.