माळ्यावरची सीट

गब्बू वाढत होता आणि त्याच्या आईची झोप उडत होती. आता पोर अंगाने भरतंय म्हणून कुणी घाबरतं का? पण ही घाबरली होती, आणि तिला कारण होतं. गाडीतली त्याची पहिली सीट, ती टोपलीसारखी, त्याला पुरेना. डोकं काठाच्या वर आलं, पट्टे खांद्यांवर करकचायला लागले, आणि पोर त्यात कोंबल्यासारखं दिसू लागलं.

गब्बूची आई दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. नवरा लाडाने तिला कवळीवाली म्हणायचा, मग सगळं घरच म्हणायला लागलं, तर आपणही तेच म्हणू. नवरा पाणीपुरवठ्याच्या पंपांवर पाळीने कामाला, त्याच्या वेळांचा काही भरवसा नाही. त्यामुळे रोज सकाळी गब्बूला मागे बसवून हायवेने पाळणाघर गाठायचं आणि तिथून लॅब, हे काम कवळीवालीचं. पोर मागे, आणि दोन्ही बाजूंनी धडधडत जाणारे ट्रक. एखादा फार जवळून गेला की गाडी हलायची आणि ही स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरायची. बाळंतपणाआधी हीच बाई गाणी म्हणत गाडी चालवायची, हे आता कुणाला सांगून खरं वाटणार नाही.

नव्या सीटसाठी ती दुकानात गेली. दुकानदाराने भिंतीला लावून सीटची रांगच दाखवली. काहींची किंमत ऐकून तिला वाटलं, हा माणूस सीटबरोबर गाडीपण देतोय की काय. पण माणूस भला निघाला. "बाई, ही साधी घ्या," तो म्हणाला. "चाचणी हीपण पास आहे आणि ती महागडीपण. वरचे पैसे मऊ कापडाचे आणि पेला ठेवायच्या खाचेचे. पोराच्या उंचीला, वजनाला बसते का आणि तुमच्या गाडीत न हलता घट्ट राहते का, एवढं बघा." साधीची किंमतही हातासरशी काढून देण्यासारखी नव्हती. पण पगार झाला की हीच घ्यायची, असं ठरवून ती घरी आली.

ठरवलं ते तसंच राहिलं. दोनच दिवसांनी सगळे नणंदेकडे जेवायला गेले आणि तिथे सीटचा विषय निघाला. नणंदेचे यजमान, भावोजी, म्हणजे दिलदार माणूस. त्यांचं फरशांचं दुकान होतं आणि गिऱ्हाइकालाही ते दोन फरशा वर देऊन टाकायचे.

"विकत कशाला घेता?" ते घास हातात धरूनच म्हणाले. "आमच्या पोरीची आहे की माळ्यावर. चांगली दणकट आहे. नुसती धूळ खातेय."

नणंद वाढत होती. शाळेत गणित शिकवणारी बाई, एरवी कुणाला बोलू देईल तर शपथ. पण आता पळी हातात तशीच राहिली. "जुनी झाली ती," ती म्हणाली. "मळलीय पण. नको ती द्यायला."

"मळली तर धुतील. मळ काय दगडाचा असतो?" असं म्हणत भावोजी जेवण उरकून स्टुलावर चढलेसुद्धा. माळ्यावरून त्यांनी सीट खाली दिली, फडक्याने पुसली, आणि स्वतः गाडीत नेऊन बसवून दिली. नणंद दारात उभी राहून बघत होती. नाही म्हणायची कवळीवालीचीही सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर तिला आनंदच झाला होता. पैसे वाचले होते आणि सीट बसायला ऐसपैस होती. गब्बू तीत एखाद्या सावकारासारखा रेलून बसला.

दुसऱ्या दिवसापासून एक नवंच सुरू झालं. कवळीवाली लॅबमध्ये पोचून पांढरा कोट चढवते न चढवते तोच नणंदेचा फोन. "पोचलात ना नीट?" बस, एवढंच. "पोचलो, ताई," म्हटलं की फोन बंद. असं रोज. लॅबमधल्या बायका हसायला लागल्या. नवरा म्हणाला, "ताईला भाच्याचा पुळका आलाय." कवळीवालीला मात्र राग यायचा. एवढे दिवस कधी विचारलं नाही, आणि आता सीट दिली म्हणून हजेरी घेताय होय, असं तिच्या मनात यायचं.

आठवडा असा गेला. मग एका संध्याकाळी पाळणाघरातून परत येताना गब्बूने प्यालेलं सगळं दूध सीटवर ओकून टाकलं. घरी आल्यावर कवळीवालीने सीट गॅलरीत आणली, वरचं कापड सोडवलं, त्याखालचा फोम काढला, आणि ओलं फडकं घेऊन आतलं प्लॅस्टिक पुसायला बसली. पाठीच्या भागाला, पट्टा जिथून आत जातो तिथे, एक पांढुरकी रेघ होती. आधी वाटलं दूध सुकलंय. पुसली तर जाईना.

तिने रेघेवरून नख फिरवलं. नख अडकलं.

अशा रेघा तिने लॅबमध्ये कितीतरी पाहिल्या होत्या. म्हाताऱ्यांच्या हातून कवळी पडते, वरून धडधाकट दिसते, आणि उजेडात धरली की अशी रेघ. पुढचा घास चावला की तिचे दोन तुकडे. तिने सीट उजेडाकडे फिरवली. रेघ एक नव्हती, एकीतून दुसरी फुटत खालपर्यंत गेली होती. आणि पट्टा एका ठिकाणी इस्त्री लागल्यासारखा चकचकीत आणि कडक झाला होता. कशाने तरी तो जोरात, फार जोरात ओढला गेला होता.

नवरा येऊन बघून गेला. "साच्याची रेघ असेल," तो म्हणाला.

"साच्याची रेघ सरळ असते. ही तडकलीय. ही सीट अपघातातली आहे."

"तुला घाबरायला काहीतरी लागतंच. ताई असं करेल का? सख्ख्या भाच्याला?"

तेच तर. ताई असं करेल का? तिला जेवण गेलं नाही. तिला गुरुवार आठवत होता. एक मोटरसायकलवाला आडवा घुसला आणि तिने कचकन ब्रेक मारला होता. गब्बूचं डोकं पुढे झुकलं, मागे आपटलं, आणि पोर खदखदा हसलं होतं. तीपण हसली होती. आता ते हसू आठवून तिला स्वतःचीच चीड आली. जरा वेग जास्त असता तर? मागे ट्रक असता तर? गब्बू शेजारी खुळखुळा चोखत बसला होता. तिने त्याला उचलून इतकं घट्ट धरलं की तो रडायला लागला.

दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली. पोर बापाच्या स्वाधीन केलं, उघडी सीट डिकीत घातली आणि नणंदेचं घर गाठलं. शाळेला सुट्टी होती. नणंदेने दार उघडलं, काखेतली सीट पाहिली, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"गब्बू कुठाय?"

"घरी आहे. बापाजवळ."

नणंदेने दाराच्या चौकटीला हात टेकला. मग सरकत सरकत तिथेच उंबऱ्याजवळ खाली बसली. कवळीवालीने कधी या बाईला जमिनीवर बसलेलं पाहिलं नव्हतं. एवढ्याने तिला सगळं कळलं, पण तिला ते ऐकायचं होतं.

"ताई, ही सीट अपघातातली आहे ना?"

"हो."

"केव्हा?"

नणंद खालच्या आवाजात सांगू लागली. पोर तीन-साडेतीन वर्षांची असताना. गाडी तीच चालवत होती. मागे पोरीची बाहुली खाली पडली, ती रडायला लागली, आणि नणंदेने बाहुली उचलून द्यायला मान वळवली. मान वळवली एवढंच. समोर कडेला लावलेला टेम्पो होता. गाडीचं तोंड आत गेलं, पोरीला खरचटलंसुद्धा नाही. घरी मात्र तिने सांगितलं की शाळेच्या आवारात लावलेल्या गाडीला कुणीतरी ठोकून गेलं. भावोजींनी विश्वास ठेवला. एवढंच नाही, शाळेच्या रखवालदाराशी जाऊन कडाडून भांडूनही आले.

"म्हणून तुम्ही गाडी चालवत नाही," कवळीवाली म्हणाली. घरात सगळ्यांना तिने पाठदुखीचं कारण सांगून ठेवलं होतं.

"किल्ली हातात घेतली की तो टेम्पो दिसतो मला."

"मग त्या दिवशी जेवताना बोलला का नाहीत?"

"काय बोलणार होते? सीट नको म्हटलं की का नको ते आलंच. आणि ते सांगायचं म्हणजे सगळंच सांगायचं." नणंदेने पदराने तोंड पुसलं. "रोज ठरवायचे, आज तुला सांगते. फोन लावायचे. तू म्हणायचीस पोचलो, की वाटायचं, सुटले. आजचा दिवस गेला. उद्या सांगू."

"म्हणजे तुम्हाला रोज माहीत होतं."

"हो."

"आणि एखाद्या दिवशी मी फोन उचललाच नसता तर?"

कवळीवालीला वाटलं, ही सीट उचलावी आणि हिच्या अंगावर फेकावी. माझं पोर यांनी स्वतःच्या खोट्यावर बसवलं, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. बोलली मात्र ती निराळंच.

"कात्री आहे घरात?"

"कशाला?"

"कचऱ्यात टाकली तर कुणीतरी उचलून नेईल. गरजू माणूसच नेईल, आणि आपलं पोर बसवेल तीत. पट्टे कापून टाकायचे. भावोजींना मी काही सांगणार नाही, ते तुमचं तुम्ही बघा. पण ही परत माळ्यावर जायची नाही."

नणंदेने दोन कात्र्या आणल्या, एक कापडाची आणि एक स्वयंपाकघरातली. दोघी बाहेरच्या खोलीत जमिनीवर बसल्या. पट्टा काही केल्या कापला जाईना. टनभर वजन पेलेल असा जाड, कात्रीच्या पात्यातून सटकायचा. नणंदेने तो ताणून धरला आणि कवळीवालीने करवतीसारखी कात्री चालवली. दोघींच्या बोटांना वळ पडले. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

पहिला पट्टा तुटला तेवढ्यात भावोजी जेवायला घरी आले. दारातच थांबले. "अगं, काय चाललंय काय? चांगली सीट का कापताय?"

कवळीवालीच्या जिभेवर उत्तर तयार होतं. गब्बूला बसत नाही. पट्टे कुजलेत. उंदराने कुरतडलेत. एक वाक्य टाकलं असतं तर प्रसंग निभावून गेला असता, आणि नणंद जन्मभर उपकार विसरली नसती. नणंद तिच्याकडेच बघत होती. कवळीवालीने मान खाली घातली आणि दुसरा पट्टा हातात घेतला.

पट्टा निम्मा कापला गेला होता.

"आपल्या गाडीला कुणी ठोकलं नव्हतं," नणंद म्हणाली. "मी ठोकली होती. पोरगी मागे होती. याच सीटमध्ये."

भावोजी चपला ठेवायच्या मांडणीवर बसले. दिलदार माणसाचं तोंड एकदम लहान झालं. "पण तो रखवालदार..." ते म्हणाले.

"त्याचा काही दोष नव्हता."

"पोरीला लागलं होतं?"

"नाही. हिने धरलं तिला." नणंदेने सीटवर हात ठेवला. "हिचं काम तेव्हाच झालं होतं. मीच फेकली नाही. नवी घेतली असती तर तुम्ही विचारलं असतं, जुनीला काय झालं. पुढेही पोरीला हिच्यातच बसवलं मी. तुम्ही चालवत होतात आणि मी पुढे बसून जीव मुठीत धरून असायचे."

भावोजींनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. कवळीवालीचीही कात्री थांबली. आपली भीती एका रात्रीची होती, आणि ही बाई वर्षानुवर्षं रोज ती गिळून गाडीत बसत होती, स्वतःच्या पोरीला मागे ठेवून. तिला नणंदेची दया आली, आणि त्याच वेळी अंगावर काटाही आला.

तेव्हा आतल्या खोलीच्या दारात नणंदेची मुलगी उभी असलेली दिसली. किती वेळ उभी होती कोण जाणे. आता सात वर्षांची, केस अर्धे विंचरलेले, फणी हातात.

"तो मोठा आवाज खरा होता?" तिने आईला विचारलं. "आणि काच? तू म्हणाली होतीस, मी गाडीत झोपले होते आणि मला स्वप्न पडलं."

नणंदेने हातातला पट्टा खाली ठेवला. "खरा होता, बाळा. स्वप्न नव्हतं ते."

पोरीने थोडा विचार केला. "मला वाटायचं, मला उगाचच भीती वाटते," ती म्हणाली.

नणंदेने दोन्ही हात पुढे केले. पोरीने त्या हातांकडे पाहिलं, सीटला वळसा घातला, आणि मामीच्या शेजारी जमिनीवर येऊन बसली.