झाकणावरचा कागद

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी आठवडाभर कुणाला भेटायचं नाही, असं हॉस्पिटलने उमाकाकूंना बजावलं होतं. पण त्यांचं दार बंद दिसताच शिरगावातल्या त्यांच्या सोसायटीने ठरवूनच टाकलं, की काकूंना कोरोना झालाय.

"अगं, मला काही झालेलं नाही!" काकू फोनवर ओरडल्या.

"सगळे असंच म्हणतात," असं म्हणून समोरची रुचिका रोज दाराबाहेर जेवणाचा डबा ठेवायला लागली.

काकू चिडायच्या आणि डबा चाटूनपुसून संपवायच्या. आता शेजारणीचे डबे रिकामे परत करायचे कसे? आणि भरून दिले, तरी कोरोनाच्या घरचं खाणार कोण?

सहाव्या दिवशी ऑपरेशनआधी करावी लागणाऱ्या कोरोना टेस्टचा निगेटिव्ह रिपोर्ट मोबाइलवर आला. काकूंनी तडक बेसनाचे लाडू वळले. अधू डोळ्यांनी रिपोर्ट कागदावर उतरवून काढला, डब्याच्या झाकणावर रबरबँडने बांधला आणि डबा रुचिकाच्या दाराशी ठेवून आल्या.

पाच मिनिटांत फोन वाजला.

"काकू, दोन लाडू उभ्याउभ्याच खाल्ले मी! आणि झाकणावर तो कागद कसला होता हो? वाचायचा राहिलाच."



"काही नाही गं. टाक फाडून."