कप्प्यातली डबी

डबी कप्प्यात ठेवली ती काकांच्या हाताने. काकांना त्याचा पत्ताच नव्हता. गोदामात भरणीच्या खिडकीशी वर्षानुवर्षं उभं राहिलं की हात मालकाला न विचारता कामं उरकू लागतो. चाकांची एक बुटकी गाडी येते, पाठीवर माणसाहून उंच मांडणी घेऊन खिडकीसमोर थांबते. मांडणीला चहूबाजूंनी कप्पे. टेबलावरची वस्तू उचलायची, लाल उजेडाखाली धरायची, बारीक आवाज झाला की मोकळ्या कप्प्यात सरकवायची. साबणाशेजारी खेळण्यातला घोडा, घोड्याशेजारी नळाची तोटी, असा सगळा सावळागोंधळ. पण कुठे काय आहे ते संगणकाला बरोबर ठाऊक. मांडणी भरली की गाडी तिला घेऊन पिवळ्या साखळीपलीकडे जाते. तिथे पटांगणाएवढ्या जागेत तसल्या मांडण्यांच्या रांगाच रांगा, आणि त्यांच्यामधून त्या बिनड्रायव्हरच्या गाड्या न बोलता, न थकता फिरत असतात. माणसाने साखळीपलीकडे पाऊल टाकायचं नाही.

मांडणी वळून आत गेली, काकांनी पुढच्या मालासाठी टेबल मोकळं केलं, आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की डबी नाही.

आधी त्यांनी एप्रनचा खिसा चाचपला. मग दुसरा. मग खाली वाकून टेबलाखाली पाहिलं, रिकाम्या खोक्यांच्या ढिगात हात घालून पाहिलं. मग परत पहिला खिसा. हरवलेली वस्तू तिसऱ्यांदा त्याच खिशात शोधणारा माणूस आतून खरं काय ते ओळखून असतो. काकांनीही ओळखलं होतं. डबी खिशात पोटाला टोचत होती म्हणून त्यांनीच ती घटकाभर टेबलावर काढून ठेवली होती, आणि टेबलावरची लहान वस्तू कप्प्यात जायची, एवढंच त्यांच्या हाताला येत होतं.

डबीत काकूंचं कानाचं यंत्र होतं.

काकूंना दोन्ही कानांनी कमी ऐकू यायचं. यंत्र लावलं की बाई इतकी तल्लख की शेजारच्या घरातली भांडणं कोण जिंकतंय ते सांगायची. पण ते यंत्र मध्येच बंद पडलं, दुरुस्तीला गेलं, आणि दुकानदाराने रोज उद्याचा वायदा करत महिना काढला. तेवढ्यात काकूंना एका दातांच्या दवाखान्यात मुलाखतीला बोलावणं आलं. येणाऱ्या रोग्यांची नावं विचारायची, त्यांना वेळ द्यायची, असं काम. शाळेच्या ग्रंथालयातली नोकरी सुटल्यापासून काकू घरी बसून होत्या आणि घरातली प्रत्येक वस्तू दोनदा पुसत होत्या. त्याआधीच्या एका मुलाखतीला त्या यंत्राशिवाय गेल्या होत्या. तिथे त्यांनी चार प्रश्नांना हसून "हो" म्हटलं. चौथा प्रश्न होता, "तुम्हाला बोललेलं ऐकू येत नाही का?" त्या दिवशी घरी येऊन त्यांनी चपला दारात इतक्या हलक्या हाताने काढल्या होत्या की काकांना तो आवाज न होणं अजून आठवत होतं.

दवाखान्यातली मुलाखत उद्या सकाळी होती. यंत्र आज सकाळी कामावर येताना दुकानातून मिळालं. गोदामातल्या त्यांच्या कपाटाचं कुलूप तुटलेलं, म्हणून काकांनी ते अंगावरच ठेवलं. "संध्याकाळी आणतो," असं त्यांनी काकूंना कागदावर लिहून दिलं होतं, आणि काकूंनी त्याखाली लिहिलं होतं, "विसराल."

विसरले असते तर परवडलं असतं.

पाळीचे साहेब त्यांच्या काचेच्या खोलीत एकाच वेळी दोन फोनवर बोलत होते. वाईट माणूस नव्हता. दिवसभर वरच्यांची बोलणी खायची आणि खालच्यांना ती अर्धी करून वाढायची, यात त्याचे केस गेले होते.

"डबी उजेडाखाली धरली होतीत का?" काकांची हकिकत ऐकून साहेबांनी विचारलं.

"नाही. चुकून हात गेला."

"मग संगणकाच्या हिशेबी ती डबी नाहीच."

"पण आहे ना, साहेब. आत्ताच आत गेलेली मांडणी. तुमच्या पडद्यावर दिसेल की."

साहेबांनी पडद्यावर पाहिलं. मांडणी दिसत होती, मधल्या रांगेत, पार आत. "तपासणीसाठी मागवतो," ते म्हणाले आणि कुठलीशी कळ दाबली. काकांचा जीव भांड्यात पडला.

"किती वेळ लागेल?"

"गिऱ्हाइकांच्या मागण्या आधी. मग गाड्या रिकाम्या झाल्या, की तपासणीच्या मांडण्या येतात."

"आणि रिकाम्या कधी होतात?"

साहेब प्रामाणिकपणे आठवू लागले. "मी इथे आल्यापासून तरी झालेल्या नाहीत," ते शेवटी म्हणाले.

"मी आत जाऊन घेऊन येतो. डोळ्यांसमोर तर आहे."

"काका, साखळी ओलांडली की तो सगळा भाग बंद पडतो. एकूण एक गाडी जागच्या जागी थांबते. मग वरून फोन येतो, मला. कानाच्या यंत्रासाठी काम थांबवलं असं मी सांगू?"

"मग काय करू?"

"मागवलेला माल काढणाऱ्या काढणीवाल्यांना कुणाला दिसली तर ते बेवारस पेटीत टाकतील. पेटी आठवड्याने दुसऱ्या इमारतीत जाते. तिथे अर्ज करा."

काका खिडकीशी परत आले. तोवर त्यांच्या पडद्यावरचा कामाच्या वेगाचा आकडा हिरव्याचा लाल झाला होता, कारण त्यांच्यासाठी आलेली गाडी मांडणी घेऊन ताटकळत होती. माणूस ताटकळला तर आकडा बदलत नाही. काकांनी दातओठ खात टूथपेस्टची खोकी भरायला घेतली.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी डबा उघडला आणि तसाच ठेवला. समोर आत्या बसल्या होत्या. त्या कुणाच्याच आत्या नव्हत्या, पण सगळ्या गोदामाला त्या आत्याच. त्या काढणीच्या खिडकीवर होत्या: गिऱ्हाइकाने वस्तू मागवली की ती ज्या मांडणीत असेल ती मांडणी गाडी त्यांच्यापुढे आणायची, आणि आत्या त्यातून नेमकी वस्तू काढायच्या.

"तोंड असं का केलंय? डबा कुणी दुसऱ्याने भरला का?" आत्यांनी विचारलं.

काकांनी सगळं सांगितलं. आत्या चावता चावता थांबल्या.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा. अहो, त्या मांडणीतली वस्तू कुणी मागवली की मांडणी आपल्या पायांनी बाहेर येईल."

"पण मागवणार कोण?"

"मी. मी गिऱ्हाईक नाही का? संध्याकाळी घरी गेल्यावर मीही फोनवर बसून नको त्या वस्तू मागवते, आणि दुसऱ्या दिवशी त्या मलाच काढायला लागतात. माझ्या कर्माची कहाणी. त्या मांडणीत तुम्ही काय काय भरलंत?"

"टूथपेस्ट. मोजे."

"ते पन्नास मांडण्यांत असणार. संगणक जवळची पाठवेल. एकच असेल असं काही?"

काकांनी डोळे मिटले. सकाळपासून हातांनी काय काय उचललं ते हातांनाच विचारायला हवं होतं. "कात्री," ते म्हणाले. "डावखुऱ्या माणसांची. खोक्यात ती एकच आली होती. मी म्हटलंही मनात, ही कोण घेणार."

"मी घेणार," आत्या म्हणाल्या आणि त्यांनी फोन काढला. "उद्याच हवी असं टाकते, म्हणजे आज काढावीच लागेल. आमच्याकडे डावखुरं कुणी नाही, पण नवऱ्याला देईन. त्याचं सगळं उलटंच असतं."

काढणीच्या इतर खिडक्यांवरचे लोकही त्याच खोलीत जेवत होते. आत्यांनी सगळ्यांना बजावलं, "डावखुरी कात्री ज्याच्याकडे येईल त्याने हाक मारायची. पांढरी डबी दिसली तर पेटीत टाकू नका, नाहीतर गाठ माझ्याशी आहे." एकाने विचारलं, काकूंना ऐकू येत नाही ते काकांना फायद्याचंच नाही का. त्यावर दोघंतिघं हसले. काका हसले नाहीत.

सुट्टीनंतर त्यांचं लक्ष कामात लागेना. एक वस्तू उजेडाखाली, एक नजर आत्यांच्या खिडकीकडे. मध्येच साहेब येऊन गेले.

"काका, आकडा लाल आहे."

"दिसतोय मला."

"दिसतोय तर हलवा ना हात."

हात हलवूनच ही वेळ आली, असं काकांच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी पुढची वस्तू उजेडाखाली धरली.

उन्हं कलू लागली तेव्हा आत्यांनी हात वर केला आणि पडद्याकडे बोट दाखवलं. कात्री! मांडणी निघाली होती. काकांनी मान उंच केली. दूर, दोन रांगांच्या मधून, ती येताना दिसली: वरच्या कप्प्यात निळे मोजे, त्यांनीच कोंबलेले, एक बाहेर लोंबत होता. इतक्या आनंदाने त्यांनी आयुष्यात कधी मोज्याकडे पाहिलं नव्हतं.

मांडणी वळली, सरळ झाली, आत्यांच्या खिडकीपासून हाकेच्या अंतरावर आली, आणि समोरून दुसरी गाडी आली.

दोन्ही गाड्या थांबल्या. काकांची गाडी वाट द्यायला डावीकडे सरकली. दुसरीही त्याच बाजूला सरकली. दोघी थांबल्या. मग दोघी उजवीकडे. मग दोघी मागे आणि दोघी पुढे. अरुंद जिन्यावर दोन अतिसभ्य माणसं समोरासमोर यावीत आणि "तुम्ही आधी", "छे, छे, तुम्ही" म्हणत एकमेकांची वाट अडवावी, तसा प्रकार. फरक इतकाच, की माणसांना शेवटी हसू येतं किंवा राग येतो, आणि त्यातून वाट निघते. या दोघींना दोन्हींपैकी काहीच येत नव्हतं.

"अगं सरक ना बाई," आत्या खिडकीतून म्हणाल्या.

काका साखळीपाशी येऊन उभे राहिले होते. आपण आपली खिडकी सोडून आलोय, हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. गाड्या डावीकडे. उजवीकडे. डावीकडे. मोजा लोंबकळत होता.

तेवढ्यात आत्यांच्या पडद्याने आवाज केला. आत्यांनी वाचलं, परत वाचलं, आणि कपाळाला हात लावला.

"काय झालं?"

"वेळेत येत नाही म्हणे. कात्री दुसऱ्या गोदामातून पाठवतायत, दुसऱ्या शहरातून. माझी मागणी इथून काढून टाकली."

"आणि मांडणी?"

वस्तूच नको असल्यावर मांडणीला पुढे येण्याचं कारण उरलं नव्हतं. काकांच्या डोळ्यांदेखत गाडीने जागच्या जागी गिरकी घेतली, त्यांच्याकडे पाठ केली आणि आली तशी आत निघाली. आता वाट कशी अगदी मोकळी होती.

काकांनी साखळी उचलली आणि खालून आत गेले.

हे त्यांनी ठरवलं नव्हतं. पण सकाळसारखं नकळतही झालं नव्हतं. या वेळी त्यांना प्रत्येक पाऊल कळत होतं. छतावरचे दिवे तांबडे झाले. गाड्या थांबल्या, सगळ्या, पार त्या टोकापर्यंत, आणि त्यांची दिवसभर कानात बसलेली घरघर बंद झाली. एवढी शांतता या जागेत असू शकते हे काकांना ठाऊक नव्हतं. मागून साहेबांची हाक आली. काकांनी ती ऐकली आणि चालत राहिले. मांडणीच्या एका बाजूला डबी नव्हती. दुसऱ्या बाजूलाही नव्हती. तिसऱ्या बाजूला खालून दुसऱ्या कप्प्यात, डावखुऱ्या कात्रीला टेकून, ती निमूट बसली होती.

काका परत आले तेव्हा साहेब साखळीपाशीच उभे होते. त्यांच्या खिशातला फोन वाजायला लागला होता.

"काका, मी वर काय सांगू?"

"जे झालं ते सांगा."

"काम का थांबलं याची आठ कारणं दिलेली असतात, त्यातलं एक निवडायचं असतं. हे त्यात नाही." त्यांनी हात पुढे केला. काकांनी गळ्यातलं ओळखपत्र काढून त्यावर ठेवलं. "चौकशी होईपर्यंत येऊ नका. बोलावलं तर कळवीन." आणि मग, फोन कानाला लावण्याआधी, हळूच, "मिळालं ना?"

"मिळालं."

आत्यांनी खिडकीतून काहीतरी म्हटलं, पण तोवर गाड्या सुरू झाल्या होत्या.

बसमध्ये काकांनी डबी मुठीत घट्ट धरली होती. काकूंना कसं सांगायचं याची ते मनात जुळवाजुळव करत होते. आज सांगितलं तर उद्या ती त्याच चिंतेत मुलाखतीला जाईल. उद्या सांगितलं तर आज लपवलं म्हणून बोलेल. घर येईपर्यंत त्यांची तीन वाक्यं तयार झाली आणि तिन्ही मोडली.

काकू दारातच होत्या. त्यांनी डबी घेतली, उघडली, यंत्र कानामागे अडकवलं आणि बारीक चाकावर नख फिरवलं. त्यांचा चेहरा क्षणभर आक्रसला, मग सैल झाला. पंख्याकडे, मग रस्त्याकडच्या खिडकीकडे त्यांनी अशी मान वळवली जशी पाहुण्यांची विचारपूस चालली असावी.

"माझ्या मागे उभे राहा," त्या म्हणाल्या. "आणि काहीतरी बोला. हळू. तोंड दिसलं की मला अंदाज येतो, तो नको. खरंच ऐकू येतंय का ते पाहू दे."

"काय बोलू?"

"काहीही. काय पाढे म्हणायचेत?"

काका त्यांच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले. समोर फक्त काकूंचा अंबाडा आणि कानामागचं ते लहानसं यंत्र. दिवसभर ज्याच्यामागे धावलो ते इतकं लहान आहे याचा त्यांना एकदम राग आला. मग ते अगदी हलक्या आवाजात, जवळजवळ ओठांतच बोलले, "मला आज कामावरून घरी बसवलंय. परत बोलावतील की नाही ठाऊक नाही."

काकू हलल्या नाहीत. पंखा फिरत राहिला. काकांना वाटलं, गेलं, महिनाभर दुरुस्तीला राहून पुन्हा बिघडलंय. एवढं सगळं करून शेवटी शून्य.

"ऐकू आलं का?" त्यांनी वैतागून मोठ्याने विचारलं.

"ओरडू नका. आलं." काकूंनी मागे न वळता खुर्ची ओढली आणि ताठ बसल्या. "काय केलंत ते रात्री जेवताना सांगा, सगळं, न गाळता. आता तिथेच उभे राहा आणि मला प्रश्न विचारा. पहिल्यांदा रोग्यांची नावं घ्या, भराभर. अवघड अवघड."