मान डोलावून केलेली याद

आमच्या यांना होसकोट्याच्या कारखान्यात कुणी पुण्याचा साहेब शिकवून गेला, की सुचेल ते लिहून ठेवा, डोकं मोकळं राहतं. झालं! तेव्हापासून फत्तेसिंगराव खिशात वही घेऊनच हिंडतात. खोटं कशाला बोलू, गॅसचा नंबर लावायचा आता राहत नाही, विजेचं बिल वेळेवर जातं. पण बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघतील तर शपथ! मान खाली, पेन्सिल चालू, आणि लिहिताना मान डोलवायची ती मेली सवय. अंगात ताप आहे म्हटलं तरी मान डोलावून लिहितात. अय्यो, जीव नकोसा होतो.

त्या रविवारी देवनहळ्ळीहून हंबीरराव मुलाला घेऊन आमच्या बसवनगुडीच्या घरी आले. मुलगा, अभिमन्यू, आमच्या हर्षिताला पसंत होता. तिचं एकच म्हणणं, शाळेतली नोकरी सोडणार नाही. "अप्पा, हे आधी बोलून घ्या," असं तिने सकाळीच बजावलं होतं. यांनी वहीत टिपलं आणि निर्धास्त झाले.

केसरीबात खाता खाता हंबीरराव म्हणाले, "लग्नानंतर सुनेनं नोकरी करायची नाही. घर सांभाळायचं."

यांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं! मी दारातून डोळे वटारले, खाकरले, बांगड्या वाजवल्या. छे!

"सरी, ठीक झालं. लिहून घेतलंत ना? मग ठरलं," हंबीरराव म्हणाले. आमच्या लोकांत सोयरिकीच्या बैठकीत जे कागदावर येतं ती याद, आणि याद कुणी मोडत नाही.

"अहो, नोकरीचं बोला की!" मी ओरडलेच.

यांनी गडबडून पानं उलटली. "लिहिलंय गं. हे बघ, सकाळीच लिहिलंय."

"लिहायचं नव्हतं अप्पा, बोलायचं होतं," हर्षिता म्हणाली. तिचे डोळे भरले. मला ती वही चुलीत घालावीशी वाटली.

पोरीने डोळे पुसले. "काका, कागदावर आलं की ठरतं ना?"

"ठरतं की."

"मग अप्पा, लिहा. लग्नानंतरही हर्षिता शाळेत शिकवणार. नाहीतर सोयरीक नाही."

हंबीरराव घास हातात धरून बघत राहिले. तेवढ्यात इतका वेळ गप्प बसलेला अभिमन्यू म्हणाला, "आणि वरचं खोडा. ते मला विचारून नव्हतं लिहिलं."

यांनी वरचं खोडलं, खाली लिहिलं, मान डोलावत डोलावत. पहिल्यांदाच मी त्या मानेला काही बोलले नाही.