मागे नसलेली ट्रॉली

मी एक जुनी तांबडी मोटार आहे. मित्रांनो, आता मी जे सांगणार आहे ते आजवर कुणालाही पटलेलं नाही. आमच्या गोठ्यातली म्हैससुद्धा ऐकता ऐकता रवंथ थांबवते आणि तोंड फिरवते. तरी सांगते.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण माझ्यात जीव ओतला तो आष्ट्याच्या मानसिंगरावांनी. ते फौजेतून सुभेदार होऊन परतले होते आणि फौजेच्या मोटार शर्यतींत त्यांनी नाव काढलं होतं. त्यांनी माझं इंजिन खोलून असं काही जुळवलं, की माझ्या पहिल्या आरोळीला पार तिकडं औंधच्या डोंगरावरच्या माकडांनी कानात बोटं घातली. वजन कमी व्हावं म्हणून माझी पुढची डावी सीट काढली. तिच्यावर बसून आता त्यांच्या पत्नी विजयमालावहिनी म्हशीची धार काढतात.

त्यांची मुलगी शिवांजली सोळा वर्षांची. कोल्हापूरकडच्या एका ट्रॅकवर मुलामुलींची चाचणी होणार होती. निवड झालेल्यांना शर्यतीची गाडी चालवायला शिकवणार होते. पोरीला जेवणखाण सुचेना. शेवटी वहिनींनी एकदाच मुभा दिली. निवड झाली तर ठीक; नाही झाली, तर हिनं मुकाट्यानं विश्रामबागच्या कॉलेजात जायचं आणि मी भंगारात.

ऊस संपला की साखर कारखान्याचं गाड्यांचं आवार ओस पडतं. परवानगी काढून मानसिंगरावांनी तिथं वहिनींची घमेली पालथी घातली आणि वळणं आखली. थोड्याच दिवसांत माझ्या चाकांखाली येऊन घमेल्यांची ताटं झाली. आमचा वेग इतका वाढला, की माझी सावली दमून कारखान्याच्या चिमणीच्या बुडाशी बसून राहायची आणि आम्ही फेरी मारून आलो की मगच येऊन चिकटायची.

मानसिंगराव मागच्या सीटवर बसून शिकवत. ब्रेक दाबायचा तो गाडी सरळ असतानाच, नजर टाकायची ती वळण संपतं तिथं, आणि मगच वेग. ते कधी ओरडले नाहीत. चुकलं की त्यांची एक भुवई वर जायची. त्या भुवईला फौजेत अख्खी तुकडी टरकायची म्हणे.

पण शिवांजलीचा हात बसला होता ट्रॅक्टरवर, मागे उसाच्या दोन ट्रॉल्या जोडून. त्यामुळे मला चालवतानाही प्रत्येक वळणावर ती आरशात बघायची. मागची ट्रॉली नीट वळली का? तेवढ्यात पुढचं वळण अंगावर यायचं.

"शिवा, मागं ट्रॉली न्हाई."

"म्हाईत हाय, आबा."

"मग काय बघतीस?"

"सवय."

हे इतक्यांदा झालं, की माझ्या हॉर्नलासुद्धा ते पाठ झालं.

चाचणीचा दिवस उजाडला. तिथं आईबापांना गाडीत बसू देत नव्हते. मानसिंगराव कठड्यापाशी राहिले आणि आम्ही दोघीच निघालो. पहिल्या फेरीत पोरगी प्रत्येक वळणावर आरशात बघत राहिली, आणि आरशात होती नुसती रिकामी सीट. आम्हाला इतका वेळ लागला, की कठड्यावरच्या एका भाऊसोंनी चहा सांगितला, तो आला, त्यांनी फुंकून फुंकून प्यायला, तरी आम्ही वळणातच.

आता एकच फेरी उरली होती. मला तर भंगारवाल्याचा हातोडा ऐकू यायला लागला. मानसिंगराव खिडकीत वाकले.

"ट्रॉली शोधत हुतीस?"

शिवांजलीनं स्टिअरिंगवरून बोट फिरवलं. "न्हाई. तुमची भुवई."

आणि मित्रांनो, खरा पराक्रम तर पुढेच आहे. आम्ही दुसऱ्या फेरीला सुटलो. पहिलं वळण आलं, पोरीची नजर आरशाकडे जाणार, एवढ्यात मी अंगाला असा झटका दिला की आरसा मुळासकट उपटून निघाला, खिडकीतून बाहेर उडाला आणि थेट पंचगंगेत जाऊन पडला! मग मी अशी धावले, की वेळ मोजणाऱ्याच्या हातातलं घड्याळ उलटं फिरलं. पोरीची निवड झाली ती त्या झटक्यानं. म्हणून सांगते, मुलांनो, जुन्या गाडीला भंगारात काढू नका, तिच्या टपावर कोंबड्या बसू देऊ नका, तिचं तेलपाणी वेळच्या वेळी बघा. कारण ऐन वेळी आरसा उपटायची अक्कल फक्त जुन्या गाडीलाच...

"ए, थापा मारू नगंस," मागून आवाज आला. सुट्टीला घरी आलेली शिवांजली हातात फडकं घेऊन कधीची ऐकत उभी होती. "आरसा आबांनी काढला. फेरीच्या आधी, खिडकीतनं हात घालून. खिशात टाकला, आन ट्रॅककडं पाठ करून हुबं ऱ्हायलं. माझी फेरी संपंस्तवर एकदाबी वळून बघितलं न्हाई त्यांनी."