पाठीवरचा दोरा

“ती लाल पिशवी जरा खाली काढता का हो?”

चाकाच्या खुर्चीतली म्हातारी हे बोलली तेव्हा हात्सुएसानच्या हातात भाताचा अर्धा खाल्लेला गोळा होता. तो त्यांनी डब्यात ठेवला, बोटं पुसली आणि दोरीवरची पिशवी काढून म्हातारीच्या मांडीवर दिली. लाल रेशीम, त्यावर पांढरे सारस. त्या महिन्यातली सगळ्यात सुंदर पिशवी होती ती.

म्हातारीनं किंमत विचारली नाही. तिनं पिशवी उलटी केली, सुलटी केली, नाकाशी नेली. मग एका सारसावर बोट ठेवून म्हणाली, “ह्याला एकच पाय आहे. दुसऱ्यावर सोया सॉस सांडला होता माझ्या हातून. डाग घासायला गेले तर पायच गेला.” आणि खुर्चीमागे उभ्या असलेल्या सुनेकडे मान वळवून, “हा आपल्या सायोचा किमोनो आहे.”

सुनेचा चेहरा खर्रकन उतरला.

मी शेजारीच होते. आमच्या कुरायोशीतल्या देवळाच्या आवारात दर महिन्याच्या एकवीस तारखेला जुन्याचा बाजार भरतो. तिथे मी कपबश्या मांडते आणि हात्सुएसान पिशव्या. सोळा वर्षं आमच्या ताडपत्र्या एकमेकींना बांधलेल्या आहेत. मी तोंडाळ आहे हे अख्खा बाजार जाणतो. हात्सुएसान दिवसातून दहा वाक्यं बोलत असतील, त्यातली चार माझ्यामुळे. आता एकाहत्तरीच्या आहेत. तरुणपणी मोठ्या दुकानासाठी किमोनो शिवायच्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, मग किमोनो घालणारेही संपले. लोक जुने किमोनो मोडीत देऊ लागले आणि हात्सुएसान ते गठ्ठ्यानं आणून त्यांच्या पिशव्या, बंड्या, बटवे करू लागल्या. “तीस वर्षं शिवले, आता उसवतेय,” एवढंच एकदा म्हणाल्या होत्या. तेसुद्धा हसत.

“ऑगस्टमध्ये आईंना वृद्धाश्रमात न्यायचं ठरलं,” सून आमच्याकडे न बघता सांगू लागली. “घर रिकामं करायचं होतं. तीन कपाटं भरून नुसते कपडे. मोडवाल्याला बोलावलं, त्यानं सगळं वजनावर नेलं. मला काय माहीत हो? जुनं तेवढं सगळं सारखंच दिसतं.”

“तुला मी दोष दिला का?” म्हातारी म्हणाली. तिचं नाव ओकुनो. आवाज बारीक, पण शब्द एकेक स्पष्ट. मग हात्सुएसानना विचारलं, “एवढासा होता. तीन वर्षांच्या पोरीचा. त्याच्या खांद्याला चुण्या होत्या ना?”

मी हात्सुएसानच्या बाहीला हळूच ओढलं आणि पुटपुटले, “सांगून टाका, त्या काळी हे कापड घरोघर होतं म्हणून. कशाला गळ्यात घेता?”

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. खाली गुडघ्यांवर बसल्या, म्हातारीच्या डोळ्यांना डोळे भिडवून म्हणाल्या, “होत्या, ओकुनोसान. दोन्ही खांद्यांना होत्या. मी उसवल्या. कापलाही मीच.”

आमच्याकडे लेकरांचे किमोनो मुद्दाम ऐसपैस शिवतात. मग खांद्याला चुणी घालून आखूड करतात आणि मूल वाढेल तशी ती चुणी सोडत जातात. ज्याची चुणी कधी सुटलीच नाही, त्या किमोनोतलं मूल वाढलं नाही, हे शिवणाऱ्या बाईला हातात घेताक्षणी कळायला हवं. हात्सुएसानना तर कळायलाच हवं होतं. पण त्यांची एक शिस्त होती आणि तिचा त्यांना अभिमान होता. कपडा घरी आला की आधी टाका न् टाका उसवायचा, पट्ट्या धुऊन ताणून वाळवायच्या, मग कात्री. उगाच मध्येच कापून कापड वाया घालवणाऱ्या बायांचा त्यांना राग यायचा. ऑगस्टच्या त्या उकाड्यात गठ्ठ्यातले एकोणीस किमोनो त्यांनी ओळीनं उसवले. त्यात हात सवयीनं चालले आणि डोळ्यांनी बघितलंच नाही.

म्हातारी पिशवीच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिली. मग म्हणाली, “साठ वर्षांत मी त्या चुण्यांना हात लावला नव्हता.”

“आई, निघू या आता,” सून म्हणाली.

“थांब गं. एवढी आलेय तर बोलू दे.” आणि ती बोलली. घरामागच्या पाटात बुडून गेली होती सायो, तिची लेक. भर दुपारी, हाकेच्या अंतरावर. “किमोनोच्या पाठीवर माझ्या आईनं दोरा घातला होता. आम्ही सगळ्याच घालायचो. पण त्या दिवशी मी तिला फ्रॉक घातला होता. दुकानातला, नवा, पिवळा. गावात कुणाकडे नव्हता तसला. मला मिरवायचं होतं हो. त्या फ्रॉकला कुठला आलाय दोरा?”

दोरा म्हणजे काय, ते आमच्या पिढीला निदान ऐकून तरी माहीत आहे. मोठ्यांच्या किमोनोला पाठीच्या मध्यावर शिवण असते. ती पाठ राखते म्हणतात. लेकराचा किमोनो एकाच पट्टीचा, त्याला ती शिवण नसते. म्हणून आया मानेखाली बारा टाके घालतात आणि दोऱ्याचं टोक न कापता लोंबतं सोडतात. पोर पाण्यात पडलं, विस्तवाकडे गेलं, तर देवाला धरून मागे ओढता यावं.

“माझे आता फार दिवस नाहीत,” ओकुनोसान म्हणाली. “शवपेटीत सोबत न्यायचा होता तो. तिकडे भेटली तर निदान अंगावर चढवता आला असता. ह्या पिशवीचं मी काय करू? आणि हिला तर धातूची कडीही आहे. दहनाच्या भट्टीवाले धातू आत घालू देत नाहीत.”

हात्सुएसान वाकल्या, कपाळ जमिनीला टेकेपर्यंत वाकल्या. “पुढच्या एकवीसपर्यंत मला वेळ द्या,” म्हणाल्या. “कापलेलं कापलेलंच राहणार. जोड दिसतील. पण किमोनो करून देते.”

ओकुनोसाननं पिशवी त्यांच्या हातात परत ठेवली.

खरी धावपळ त्यानंतर सुरू झाली, आणि ती मी केली. किमोनोचं अंग आणि उजवी बाही पिशवीत होती, पण डाव्या बाहीचे दोन बटवे झाले होते आणि दोन्ही खपले होते. एक टोफूवालीनं घेतला होता. तिच्याकडे गेले तर म्हणते, “वा! एकदा विकलेली वस्तू परत मागतात का कुठे? मी त्यात औषधाच्या गोळ्या ठेवते.” मी तिला सगळं सांगितलं. तिनं तिथल्या तिथे गोळ्या ओंजळीत ओतल्या, बटवा माझ्या अंगावर टाकला आणि आत जाऊन नाक शिंकरलं. बदल्यात दुसरा दिला तर तोही घेईना. दुसरा बटवा मात्र ओसाकाहून फिरायला आलेल्या कुणा मुलीनं घेतला होता. तिला कुठे शोधणार? तो गेला तो गेलाच.

आठवड्यानं मी हात्सुएसानच्या घरी गेले. खिडकीशी पट्ट्या मांडल्या होत्या आणि त्या एकेक तुकडा आतून रेशमाच्या चिंधीवर बसवत होत्या. शेजारी त्यांचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडा होता. जुन्या किमोनोंच्या बाह्यांत सापडलेलं सगळं त्या डब्यात जातं. चुरगळलेली तिकिटं, केसातली पिन, एकदा एक दुधाचा दात. आणि लेकरांच्या पाठीवरचे दोऱ्याचे तुकडे. ते त्या चौकोनी कापून बाजूला ठेवतात, पिशवीत कधी लावत नाहीत.

“सापडला?” मी विचारलं.

त्यांनी तळहात पुढे केला. लाल चौकोन, त्यावर पिवळट पडलेले बारा टाके. लोंबतं टोक मात्र नव्हतं. धुताना तुटलं होतं, चार तांदळांएवढं उरलं होतं.

“मी दोरा बघितला, मित्सुयोसान,” त्या म्हणाल्या. “दोरा बघितला, कापून जपून ठेवला, आणि चुण्या बघितल्या नाहीत. एवढी वर्षं सुई धरून काय शिकले मी?”

“अहो, एकोणीस किमोनो होते.”

“तिचा एकच होता.”

मी चहा करायला उठले, तेव्हा भिंतीवर टांगलेला त्यांचा स्वतःचा किमोनो दिसला. जांभळा, लग्नात आईनं दिलेला. त्याचे कच्चे धागेसुद्धा अजून काढलेले नाहीत, म्हणजे एकदाही अंगावर चढलेला नाही. पण खालून लाल अस्तर दिसायचं ते दिसत नव्हतं.

“हात्सुएसान! अहो, हे काय केलंत?”

“अर्धी बाही कमी पडत होती. दुकानातला लाल तिच्या लालाशेजारी फार भडक दिसतो.”

“पण हा आईचा तुमच्या!”

“अस्तरच काढलंय. वरचा आहे तसाच आहे.” त्यांनी दोरा दातानं तोडला. “आणि मी कुठे जाणार आहे तो घालून? चहा करताय ना, करा.”

मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. मी चहा फार कडक केला. त्यांनी मुकाट्यानं प्यायला.

नोव्हेंबरची एकवीस तारीख थंड होती. त्या महिन्याच्या मध्याला तीन वर्षांच्या पोरींना नटवून देवळात आणतात. आवारात दोन-तीन उशिरा आलेल्या मुली लाल किमोनोत दुडदुडत होत्या आणि त्यांच्या आया फोटो काढत होत्या. ओकुनोसान आधीपेक्षा आक्रसल्यासारखी दिसत होती. सुनेनं तिच्या पायांवर दोन पांघरुणं घातली होती.

हात्सुएसाननं कागद सोडला. किमोनो झाला होता. जोड दिसत होते, सारसांच्या अंगावरून शिवणी गेल्या होत्या, पण किमोनो होता. डावी बाही मनगटाकडे वेगळ्या लालाची. मानेखाली तो चौकोन परत बसवला होता.

“चुण्या तेवढ्या घातल्या नाहीत मी,” हात्सुएसान म्हणाल्या. सुई, दोरा, कैची घेऊनच बसल्या होत्या. “माप तुम्हालाच ठाऊक. सांगा, इथल्या इथे घालून देते. जुनी खूण कापडावर अजून आहे.”

ओकुनोसाननं खांद्यावरची ती रेघ बोटानं चाचपली. साठ वर्षं दुमडून राहिल्यानं तिथलं कापड अजून गडद लाल होतं. समोरून एक पोरगी धावत गेली, पडली, उठून पुन्हा धावली. म्हातारी तिच्याकडे बघत राहिली.

“नको,” ती म्हणाली.

“नको?”

“सोडल्यात ना तुम्ही? राहू देत. मी काही सोडल्या नसत्या. मरेपर्यंत सोडल्या नसत्या.” मग दम घेतला. “वाढू दे आता तिला.”

सून तोंडाला रुमाल लावून दिव्याच्या दगडी खांबाआड गेली.

“आणि ही बाही कुणाची हो?” ओकुनोसाननं विचारलं.

“आहे एका बाईची,” हात्सुएसान म्हणाल्या.

“बरी आहे. नव्या जागी जाताना कुणाचं तरी बोट धरलेलं बरं.” म्हातारी हसली. दात नव्हते, छान हसली. “पण दोरा कुठाय?”

“तो तुम्ही घाला. माझ्याकडून धुताना तुटला.”

“माझे हात बघताय ना?”

हात्सुएसाननं सुई तिच्या बोटांत दिली आणि स्वतःच्या हातानं तिचा हात धरला. दोघींनी मिळून एक टाका घातला, गाठ मारली. हात्सुएसाननं कैची उचलली तशी म्हातारी म्हणाली, “लांब ठेवा.” त्यांनी वीतभर सोडला. “अजून.” हातभर सोडला. “अजून लांब. त्या वेळी आखूड पडला.”

फ्रॉकला तर दोराच नव्हता, असं माझ्या जिभेवर आलं होतं. मी गिळलं.

त्यानंतर फेब्रुवारीत ती सून एकटी आली. बर्फ पडत होता, बाजारात आम्ही सातआठ जणच होतो. तिच्या अंगावर काळे कपडे होते. हात्सुएसानसमोर उभी राहून ती कमरेत वाकली.

“आई गेल्या आठवड्यात गेल्या. झोपेतच. किमोनो त्यांच्या छातीवर ठेवला.” ती थोडी थांबली. “पण पेटीचं झाकण बसवताना तो दोरा बाहेर राहिला. क्रियाकर्माचा माणूस कैची घेऊन पुढे झाला, म्हणाला, बरं दिसत नाही. मी त्याचा हात धरला. सगळे नातेवाईक बघत होते. म्हटलं, राहू द्या. बाहेरच राहू द्या, कुणाला तरी धरायला लागेल.” तिचा आवाज चिरकला. “बरोबर केलं ना मी? मला ह्यातलं काहीच कळत नाही हो.”

“बरोबर केलंत,” हात्सुएसान म्हणाल्या.

ती पुन्हा वाकली आणि बर्फातून निघून गेली. हात्सुएसाननं मांडीवरचं काम उचललं आणि सुईत दोरा ओवायला घेतला. एकदा चुकला, दोनदा चुकला, तिसऱ्यांदाही चुकला. मग माझ्याकडे न बघता त्यांनी सुई न् रीळ माझ्यापुढे धरलं. मी दोरा ओवला, आणि तोडताना जरा लांबच ठेवला.